आईचा नंबर

"काखेत लावून बघितलंत, की नुसता कपाळावर हात ठेवून?" फोन खांद्यात दाबून तिने विचारलं. हात कीबोर्डवर, डोळे पडद्यावर आणि जीव घरी, अशी सकाळपासून तिची तीन ठिकाणी वाटणी झाली होती.

"अगं, तीन पोरं वाढवलीत मी," सासूबाई म्हणाल्या. "अंग गरम आहे म्हणजे गरम आहे. आणि दूधही तोंडातून काढून टाकतेय ठकी."

ठकी तिची मुलगी, अजून वर्षाचीही झाली नव्हती. कागदोपत्री तिला चांगलं तीन अक्षरी नाव होतं, पण पाहुण्यांसाठीचे कप मांडणीवर वरच्या फळीला ठेवावेत तसं ते घरात सगळ्यांनी जपून वर ठेवलं होतं. रोजच्या वापराला ठकीच.

"तुम्ही तिला घेऊन इकडेच या, आई. बालरोगवाले डॉक्टर आज आहेत. मी खाली केसपेपरवालीला सांगून ठेवते."

"येते. पण मला रांगेत ताटकळत ठेवू नकोस हां. माझे गुडघे तुझ्या कॉम्प्युटरसारखेच आहेत, मधेच अडकतात."

कॉम्प्युटर खरंच अडकला होता. म्हणजे चालू होता, पण गोगलगायीने.

बायका-मुलांच्या त्या मोठ्या दवाखान्यात ती रेकॉर्ड विभागात कामाला होती. विभाग म्हणजे पोटमाळ्यावरची एक लांबट खोली आणि तिची एक बाजू काचेची. काचेतून खाली केसपेपरचा हॉल दिसायचा: बाकं, रांगेच्या लोखंडी कठड्याला टेकलेल्या बायका, खांद्यावर झोपलेली पोरं, आणि खिडकीमागे केसपेपरवालीचा पिना खोचलेला अंबाडा. वर कुणाचा आवाज येत नसे. नुसती तोंडं हललेली दिसत.

आज दवाखान्याची सगळी माहिती जुन्या सिस्टिममधून नव्या सिस्टिममध्ये जायची होती. जुन्या सिस्टिमला एक खोड होती. मूल जन्मलं की त्याची एक ओळ तयार व्हायची. आईचा नंबर, जन्मतारीख, वजन, मुलगा की मुलगी, हे सगळं त्या ओळीत असे आणि नावाची जागा रिकामी. नाव काय, पुढे ठरतं. आईबाप ते नोंदणी कार्यालयात जाऊन लावून येत. दवाखान्याला कळवायला परत कोण येतो? अशा रिकाम्या जागा साठत साठत डोंगर झाला होता. नव्या सिस्टिमला मात्र रिकामं नाव चालत नव्हतं. म्हणून नोंदणी कार्यालयाकडून नावांचा तक्ता मागवला होता. त्या तक्त्यातली नावं दवाखान्याच्या तक्त्यातल्या रिकाम्या जागी भरायची, आणि तीही आजच.

'आजच' हा शब्द साहेबांचा. ते बदलून येऊन फार दिवस झाले नव्हते, पण पहिल्याच आठवड्यात सगळ्यांनी मागून त्यांचं नाव आजचसाहेब ठेवलं होतं. माणूस वाईट नव्हता. वरून ढकललं की पुढच्याला लागणारच, अशा रांगेत मधे उभा असलेला माणूस होता.

"हे काय, अजून इथेच?" साहेब तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "या वेगाने तुझी ठकी शाळेत जाईल."

दोष तिचा नव्हता. आधीच्या कुणीतरी लिहून ठेवलेला प्रोग्रॅम एक ओळ उचलायचा, नोंदणीच्या तक्त्यात जाऊन तिचं नाव शोधायचा, परत येऊन लिहायचा, मग पुढची ओळ उचलायचा. वाण्याकडे जाऊन चमचा-चमचा साखर आणावी तसा प्रकार. ती म्हणाली, हे थांबवते, एकाच हुकमात सगळं होईल. दोन्ही तक्ते समोरासमोर उभे करायचे आणि सांगायचं, जिथे जिथे यांची जोडी जुळते, तिथे तिथे त्या बाजूचं नाव या बाजूला ठेव. एकदा सांगायचं आणि बाजूला व्हायचं.

"मग सकाळपासून वाट कसली बघत होतीस?" साहेब खूश झाले.

तिने हुकूम लिहायला घेतला, पण मधेच थांबून जे विचारायचं होतं ते विचारलं. ज्यांचं नाव नोंदणीच्या तक्त्यात सापडणारच नाही, त्या ओळींचं काय?

साहेब म्हणाले, त्या जाणार नाहीत. नव्या सिस्टिमच्या दारात ओळ येते, नाव नसेल तर आपटून परत फिरते. आपल्याला काही करावंच लागत नाही.

"तिथे नुसतं 'बाळ' लिहिलं तर?"

"नाही चालत. मागच्या वेळी लोकांनी टिंबं टाकली, कुणी कखग टाकलं. एकाने तर स्वतःचंच नाव टाकलं होतं शंभर पोरांना. त्यामुळे वरून पक्का आदेश आहे. नोंदणीतलं नाव असेल तरच ओळ. हाताने काहीही भरायचं नाही."

तिने मान हलवली. तिच्या डोळ्यांसमोर एकच ओळ होती. ठकीच्या आधीच्या लेकीची. ती दोन दिवस होती, काचेच्या पेटीत, आणि मग नव्हती. तिचा फोटो काढायचा राहून गेला होता. पेटीच्या काचेवर दिव्याची तिरीप येते, उद्या काढू, असं नवरा म्हणाला होता. या जगात तिची खूण म्हणून काही असेल तर ती ओळ. मुलगी. वजन. जन्माची वेळ. नावाची जागा कोरी. शेवटच्या रकान्यात 'मृत'. अधूनमधून, खोलीत कुणी नसलं की ती ओळ उघडून ती बघत असे, झोपलेल्या लेकराच्या अंगावरचं पांघरूण बघून यावं तसं. कामावर पुन्हा रुजू झाली तेव्हापासूनची ही तिची सवय कुणाला माहीत नव्हती.

आज ती ओळ मागे राहणार होती. तिला नाव सापडणार नव्हतं, कारण तिचं नाव कुणी कुठे लावलंच नव्हतं. हे असं धरून तिने मन घट्ट केलं आणि कामाला लागली.

नोंदणीच्या तक्त्यात आईचा नंबर होता आणि मुलाची जन्मतारीख होती. दोन्ही जुळलं तरच नाव ठेव, असं तिने लिहिलं. करून बघितलं तर निम्म्याहून जास्त ओळी जुळेनात. तिकडच्या माणसांनी कुठे दिवस आधी लिहिला होता, कुठे महिना.

"तारखेचं लफडं काढून टाक," साहेब म्हणाले. "आईचा नंबर एकच असतो ना?"

"हो, एका बाईला एकच. जन्मभर."

"मग झालं तर."

ती घाई करणारी बाई नव्हती. गॅस बंद केला का हे बघायला जिन्यावरून परत येणाऱ्यांतली होती. ज्या मोठ्या भावंडांना नावं आधीच लागलेली आहेत, त्यांना धक्का लागणार नाही, हे तिने तपासलं; एका आईची दोन नावं आली होती त्या ओळी बाजूला ठेवल्या. जुळ्यांचा विचार केला. त्यांच्या ओळींवर खूण असते, त्या तिने वेगळ्या काढल्या. छोट्या तुकड्यावर करून बघितलं, सगळं बिनचूक आलं. मग तिने तारखेची अट काढली, नुसता आईचा नंबर ठेवला आणि बटण दाबलं. कपातल्या चहावर साय धरायच्या आत डोंगर सपाट झाला.

"शाब्बास," साहेब म्हणाले आणि नव्या सिस्टिमवाल्यांना फोन करायला गेले.

तिने चहाचा कप उचलला तोच खालून फोन आला.

"अगं ए, वर काय करून ठेवलंस?" केसपेपरवाली हळू आवाजात बोलत होती, म्हणजे समोर कुणीतरी होतं. "इथे एक बाई आहे. कडेवर पोरगा आहे, माझा पेन ओढतोय. नाव घालून शोधलं तर स्क्रीन म्हणते, मृत. फाइल बंद. मी काय सांगू हिला?"

तिने काचेतून खाली बघितलं. खिडकीशी एक बाई उभी होती. पोरगा खरंच पेन ओढत होता. बाई हसून त्याचा हात सोडवत होती. तिला अजून काही सांगितलेलं नव्हतं.

"काही सांगू नको," ती म्हणाली. "नंबर दे आईचा."

नंबर घातला. दोन ओळी आल्या. नाव एकच. खालची ओळ या पेन ओढणाऱ्या पोराची. वरची त्याच्या आधीच्या भावाची, जन्मला त्याच दिवशी गेलेल्या. त्याला नाव नव्हतं. आज, चहाला साय धरेपर्यंत, धाकट्याचं नाव त्यालाही लागलं होतं. आणि खिडकीवरचा शोध आधी जुनी ओळ दाखवत होता.

तिच्या बोटांनी पुढचा नंबर तिला न विचारताच टाइप केला. स्वतःचा.

दोन ओळी. दोन्हींवर ठकीचं नाव. खालच्या ओळीत शेवटचा रकाना रिकामा. वरच्या ओळीत, त्या नावाच्या पुढे, 'मृत'.

तिने जुळ्यांचा विचार केला होता. भावंडांचा केला होता. पण जी ओळ ती पांघरूण बघितल्यासारखी बघून यायची, तिच्यावरचा आईचा नंबर आणि ठकीच्या ओळीवरचा आईचा नंबर एकच आहे, हे तिच्या डोक्यात आलंच नव्हतं. दोघींची आई एकच, हे तिलाच सुचलं नव्हतं.

ती कितीतरी वेळ त्या वरच्या ओळीकडे बघत राहिली. कारण नाव चुकीचं नव्हतं.

ते तीन अक्षरी नाव पहिलीसाठीच ठरलेलं होतं. नवऱ्याने आणि तिने पोटावर हात ठेवून, भांडून, रुसून ठरवलेलं. पहिली पेटीत होती तेव्हा ते कुणाच्या तोंडून निघालं नाही. बाहेर आणली की हाक मारू, असं होतं. मग ठकी झाली. नाव लावायची वेळ आली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, एवढं चांगलं नाव आहे, वाया कशाला घालवायचं. त्यांच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. मोठीचे न वापरलेले झबले त्यांनी असेच धुऊन, घडी करून धाकटीसाठी काढले होते. ती तेव्हा काही बोलली नाही. आणि आज यंत्राने, काही न कळता, ते नाव जिथे आधी जायचं होतं तिथे नेऊन ठेवलं होतं.

नाव होतं म्हणजे आता ती ओळ नव्या सिस्टिममध्ये जाणार होती. दारावर आपटून परत फिरणार नव्हती.

तिने नवऱ्याला फोन लावला. तो छापखान्यात होता, मागे यंत्रं धडधडत होती. तिने भरभर सांगितलं.

"मग काढून टाक ना," तो ओरडून म्हणाला, कारण ओरडल्याशिवाय तिथे ऐकू जात नसे. "ठकीचं नाव आहे ते. मेलेलीच्या पुढे कसं राहील?"

"आधी तिचं होतं."

मागची यंत्रं चालूच होती.

"मला काय विचारतेस?" तो शेवटी म्हणाला. आता ओरडत नव्हता, त्यामुळे तिला जेमतेम ऐकू आलं. "मी इथून काय करू, सांग."

तेवढ्यात साहेब आले. त्यांनाही खालून कळलं होतं आणि चेहरा उतरला होता. "जिवंत पोरांना मेलेलं दाखवतोय आपण. अगं, उद्या पेपरात येईल. फिरवता येईल का?"

"येईल," ती म्हणाली. "सोपं आहे."

हेच वाईट होतं, की सोपं होतं. ज्या ओळीत शेवटी 'मृत' आहे आणि नाव आज भरलंय, तिथलं नाव काढून टाक. पुन्हा एकच हुकूम.

"पण साहेब, मग त्या ओळी पुन्हा कोऱ्या होतील. त्या जाणार नाहीत." तिला पुढे बोलायचं नव्हतं, तरी शब्द आले. "ती मुलं झाली होती इथे. आपल्याच दवाखान्यात. काही तासांची असतील, पण झाली होती."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. ती कुणाबद्दल बोलतेय हे त्यांना कळलं की नाही, तिला समजलं नाही. "माझ्या हातात असतं तर ठेवल्या असत्या गं," ते म्हणाले. "दार मी बांधलेलं नाही. मी नुसता तिथे उभा आहे. आणि जुनी डिस्क आहेच की. कपाटात राहील."

"कपाटात," ती म्हणाली.

"आजच करायचंय. आत्ता."

तिने हुकूम लिहिला. दोनदा वाचला. तिला वाटलं, एक अट वाढवावी: हा एक नंबर सोडून. कोण बघणार होतं? शेकडोंमधली एक ओळ. पहिलीला तिचं नाव राहिलं असतं, नव्या सिस्टिममध्ये जागा मिळाली असती, आणि पुढेमागे कुणी विचारलंच तर चूक म्हणता आली असती. तिने ती अट लिहिलीसुद्धा. स्वतःचा नंबर लिहिला.

मग तिने काचेतून खाली बघितलं.

सासूबाई आल्या होत्या. ठकीला जाड दुपट्यात गुंडाळून खांद्यावर टाकलं होतं. एका हाताने कठडा धरून त्या रांगेत उभ्या होत्या, गुडघा वाकवत, सरळ करत. त्यांच्या पुढे दोन बायका होत्या. केसपेपरवालीने वर काचेकडे बघितलं आणि हातानेच विचारलं, काय करू?

एक बाई पुढे सरकली. मग एकच उरली.

तिला वरून ठकीचं डोकं दिसत होतं. तापाने ओलसर झालेलं, सासूबाईंच्या मानेत खुपसलेलं. थोड्या वेळात त्या खिडकीशी पोचतील, तोंडभर ते तीन अक्षरी नाव सांगतील, कारण खिडकीवर रोजचं नाव चालत नाही, आणि समोरची स्क्रीन म्हणेल, मृत. केसपेपरवाली सांगणार नाही. पण स्क्रीन तिरकी आहे आणि सासूबाईंना वाचता येतं.

तिने अट पुसली. आपला नंबर एकेक आकडा मागे घेत काढून टाकला. बटण दाबलं. हे तर मघाच्यापेक्षाही लवकर झालं. तिने वरची ओळ पुन्हा बघितली नाही.

खाली सासूबाई खिडकीशी पोचल्या. तोंड हललं. केसपेपरवालीने टाइप केलं, मान डोलावली, कागद बाहेर सरकवला.

बालरोगच्या दाराशी बसायला जागा नव्हती. ती खाली आली, सासूबाईंना एका बाकावर टेकवलं, ठकीला उचलून घेतलं. ठकी तिच्या खांद्यावर गरम विटेसारखी होती. कुठे काही गिळलं का, किती वेळा ओली झाली, अंगावर पुरळ आहे का, हे तिने तिथेच, भिंतीला टेकून, दुपटं उलगडून विचारलं, बघितलं. सासूबाई म्हणाल्या, डॉक्टरांना काहीतरी बघायला ठेव. रांग हळूहळू सरकत होती. मधेच जिन्यावरून साहेब उतरताना दिसले, त्यांनी लांबूनच अंगठा वर केला. म्हणजे सगळं गेलं. जे जाण्यासारखं होतं ते.

डॉक्टरांच्या टेबलावर नवी सिस्टिम सुरू झाली होती. जुनी करडी होती, ही पांढरी आणि स्वच्छ. डॉक्टर तरुण होते आणि एकेक चौकट शोधत भरत होते.

"पहिलंच बाळ का?" त्यांनी पडद्यावरून नजर न हलवता विचारलं.

"हो, पहिलीच," सासूबाई चटकन म्हणाल्या. सुनेच्या वतीने हा प्रश्न त्या नेहमी आपल्या अंगावर घेत. दुकानात, बसमध्ये, शेजारच्यांत. सुनेला उत्तर द्यावं लागू नये म्हणून.

"नाही," ती म्हणाली. "दुसरी."

डॉक्टरांनी पडद्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. "इथे तुमच्या नंबरवर एकच दिसतंय."

"हो," ती म्हणाली. "पण ही दुसरी आहे."

डॉक्टरांचा हात माऊसवर तसाच राहिला. या उत्तरासाठी तिथे चौकट नव्हती. ते पुढे गेलेही असते, पण सासूबाई खुर्चीत सरळ झाल्या होत्या. ठकीच्या पायांवरून सरकलेलं दुपटं त्यांनी पुन्हा नीट गुंडाळलं, टोक आत खोचलं.

"दुसरी आहे," त्या म्हणाल्या. "पहिली पण मुलगीच होती."

डॉक्टरांनी मान हलवली. स्टेथोस्कोप गळ्यातून काढला, त्याचं गार तोंड तळव्यावर घासून कोमट केलं.

"ताप कधीपासून आहे?"

"सकाळपासून," ती म्हणाली, आणि ठकीच्या झबल्याचे बंद सोडू लागली.